करंजतळ्याची रेघ

लोणावळा
९ जुलै १९६७

ती. सौ. अक्कास,
मारुतीचा नमस्कार.

‘त्या खोलीत बसून तू नेमकं करतोस काय, नुसता चहा पितोस का?’ असं तू विचारलंस. चहा पितो, पण गार झाल्यावर.

माझ्या टेबलावर चार काळे टेलिफोन आहेत आणि समोरच्या भिंतीवर चार मोठे तक्ते. कंपनीची डोंगरातली चार तळी, एकेका तळ्याचा एकेक तक्ता. तळ्यावरचा पट्टीवाला खाली उतरून पाण्यातली मोजपट्टी वाचतो, वर चौकीत येतो आणि मला फोनवर आकडा सांगतो. मी त्या तळ्याच्या तक्त्यावर पेन्सिलीने ठिपका देतो आणि मागच्या ठिपक्याला जोडतो. अशा चार रेघा पावसाळाभर चालत राहतात. प्रत्येक तक्त्यावर वरच्या बाजूला एक लाल रेघ आखलेली आहे. पाणी तिला टेकलं की साहेबांना सांगायचं आणि साहेबांनी त्या धरणाचे दरवाजे उघडायचे.

वाचायला सोपं वाटतं ना? पाऊस लागला की चारही फोन एकदम ओरडतात. एक कानाला, एक खांद्यावर. सुरुवातीला मी एकेक आकडा वाचत बसायचो आणि बाकीचे तीन निसटायचे. मग आपल्या आईची आठवण झाली. चुलीवर भात, वैलावर आमटी, तव्यावर भाकरी आणि अंगणात वाळवणाला तोंड लावणारी शेळी, सगळं एका नजरेत असायचं तिच्या. तशी नजर आता मला आली आहे. उड्या मारणारी रेघ आपोआप दिसते. गुमान चालणारीकडे बघावं लागत नाही.

आणि सगळ्यांत गुमान रेघ करंजतळ्याच्या पट्टीवाल्याची, म्हणजे आमच्या दाजींची. वेळेवर फोन, स्वच्छ आकडा, वर ‘जेवलात का मारुतराव’ ही चौकशी. दाजी आणि मोरतळ्याचा नवसू एकाच तारेवर आहेत, एक बोलला की दुसऱ्याला ऐकू जातं. नवसूची थट्टा चालू असते, आमचे दाजी मात्र कामापुरतं बोलतात. हौशीरामच्या आकड्याला मी जामीन, असं साहेबांना सांगूनच मी त्यांना चिकटवलं होतं. त्यांनी माझं नाक वर ठेवलं आहे.

तू जड उचलू नकोस. इतक्या वर्षांनी दिवस गेलेत, तेव्हा तुझ्या सासूबाईंचं, चिमामावशींचं ऐक. दिवाळीला पाळणा हलणार, मामाने आतापासूनच छाती फुगवली आहे.

तुझा,
मारुती


करंजवाडी
१८ जुलै १९६७

चि. मारुतीस,
अनेक आशीर्वाद.

तुझी छाती फुगू दे, पण डोकं फुगू देऊ नकोस. आईच्या तव्यावरची भाकरी करपायची ते विसरलास वाटतं. शेळीकडे बघता बघताच करपायची.

आमच्याकडे चिखल, धुकं आणि सासूबाईंची बडबड, तिन्हीला खंड नाही. तुझे दाजी सकाळी चौकीवर जातात ते पार भिजून घरी येतात. मी भाकरी घेऊन एकदा वर गेले होते. धुक्यात चौकीतून पाणी दिसतसुद्धा नाही, नुसता आवाज. पट्टीकडे उतरायला दगडी पायऱ्या आहेत आणि मधल्या वळणावर साती आसरांचे शेंदूर लावलेले दगड. त्यांच्या अंगावरून गेल्याशिवाय पाण्याला पोचता येत नाही. धरण बांधलं तेव्हा कंपनीने ते दगड हलवले नाहीत, कुणाची छाती झाली नाही म्हणतात.

कंपनीने यांना गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट दिलेत. ते घालून हे आसरांच्या पुढ्यातून जा-ये करतात हे सासूबाईंना कळलं. झालं! ‘आरं हौश्या, पान्यातल्या बाया हायेत त्या. त्यांच्या म्होरं पायतान घालून जातूस? घरात पोटुशी बाई हाय, ध्यान हाय का न्हाई?’ हे म्हणाले, ‘आये, अनवानी गेलो तर घसरून तितंच ऱ्हाईन.’ त्या दोन दिवस बोलल्या नाहीत. आता हे दर खेपेला वळणावर थांबतात, हात जोडतात आणि मग उतरतात. तुझ्या साहेबाला सांगू नकोस, नाहीतर देवाला दिलेला वेळ पगारातून कापायचा.

एक सांगू का? तुझी ती लाल रेघ तुझ्या भिंतीवर आहे. माझ्या घराच्या वर ते धरण आहे. पुण्याच्या पुरापासून रात्री पाण्याचा आवाज वाढला की वाडीत कुणी ना कुणी उठून बसतं. मी निजते. का, तर वर माझा नवरा आहे आणि तारेच्या पलीकडे माझा भाऊ आहे.

तुझी,
मुक्ताअक्का


लोणावळा
६ ऑगस्ट १९६७

ती. सौ. अक्कास,
नमस्कार.

घाईत लिहितो आहे. आभाळ फाटलंय. चारही तक्ते चढणीला लागलेत. दगडी तळ्याचा पट्टीवाला आजारी, त्याच्या जागी आलेला माणूस आकडा उलटा वाचतो. वरच्या तळ्याची तार सारखी तुटते. माझं सगळं लक्ष त्या दोघांनी खाल्लं आहे. मोरतळं आणि करंजतळं मात्र शहाण्यासारखी चालली आहेत. तेवढाच जिवाला विसावा.

पंचमीला येणार होतीस. दाजींना सुट्टी मिळणार नाही, पण चिमामावशींना घेऊन सकाळच्या गाडीने ये. शेजारच्या काकू म्हणाल्या, सातव्यातल्या माहेरवाशिणीला काय हवं ते करून घालू. तू काय खावंसं वाटतंय ते लिही. लाजू नकोस, तू कधी लाजली नाहीस.

तुझा,
मारुती


करंजवाडी
१९ ऑगस्ट १९६७

चि. मारुतीस,
आशीर्वाद.

पंचमीला येता आलं नाही. ओढ्याला पाणी होतं. सासूबाईंचे गुडघेही धरलेत. राखी पाठवायची राहिली, राग धरू नकोस.

इकडे सगळं ठीक. हे कामावर जातात. तू काळजी करू नकोस, आपलं काम नीट कर. डिंकाचे लाडू पाठवीन म्हणाला होतास, ते आता पाठवू नकोस. इथे पावसात बुरशी येते.

मुक्ता


लोणावळा
२९ ऑगस्ट १९६७

ती. सौ. अक्कास,
नमस्कार.

हे काय पत्र? चार ओळी, आणि त्यातली एक बुरशीवर! मी रागावलो नाही, पण थोडा रुसलो आहे. शेजारच्या काकू म्हणतात, या दिवसांत बाईचा जीव कशात लागत नाही, मनावर घेऊ नकोस. मग नाही घेतलं.

बाजारात गेलो होतो. एका दुकानात पिवळ्या रंगाचं अंगडं-टोपडं टांगलेलं दिसलं आणि पाय पुढे सरकेना. आधीपासून कपडे आणू नयेत असं तुम्ही बायका म्हणता, पण मामाला असलं काही लागू नसतं. करंजवाडीच्या एस.टी.च्या कंडक्टरकडे पुडकं दिलं आहे. भाचा असो की भाची, पिवळा दोघांना चालतो.

कामाचं म्हणशील तर एक गंमत. गेले काही दिवस दाजींचं तळं आणि नवसूचं तळं जुळ्या भावांसारखी चालली आहेत. नवसूची रेघ बोटभर चढली की दाजींची बोटभर चढते, त्याची थांबली की यांची थांबते. आधी थोडं मागेपुढे व्हायचं. आता तक्ते एकावर एक ठेवले तर एकच रेघ वाटेल. साहेबसुद्धा बघून म्हणाले, ‘असे पट्टीवाले चार मिळाले तर मी घरी झोपेन.’ दाजींना सांग. फोनवर सांगितलं तर नुसतं ‘व्हय’ म्हणाले. हल्ली जेवणाचंही विचारत नाहीत. माझ्यासारखेच दमले असतील.

गौरीला तरी सविस्तर लिही.

तुझा,
मारुती


लोणावळा
१३ सप्टेंबर १९६७

अक्का,

तुझं पत्र आलं नाही. येईल असं वाटतही नाही. तरी लिहितो, कारण वाडीतून येणारा माणूस ‘समदी हायेत’ एवढंच म्हणतो आणि पुढे बोलत नाही.

गौरी आणायच्या दिवशी काय झालं ते तुला माझ्याकडून कळायला हवं. सकाळी मोरतळं लाल रेघेला टेकलं. साहेबांनी तिथले दरवाजे उघडायला सांगितले. ते पाणी पलीकडच्या ओढ्याला जातं, तुमच्या वाडीशी त्याचा संबंध नाही. दरवाजे उघडले तशी नवसूची रेघ उतरायला लागली. मी वरच्या तळ्याच्या तारेत अडकलो होतो. एक फोन कानाला होता आणि डोळे सवयीने चारही तक्त्यांवरून फिरत होते. ते एकदम अडकले. करंजतळ्याची रेघही उतरत होती.

करंजतळ्याचा एकही दरवाजा उघडलेला नव्हता आणि पाऊस कोसळत होता. मग पाणी उतरतं कसं? एकच गोष्ट मनात आली, जी एकसष्टच्या पुरापासून आपल्या सगळ्यांच्या मनात येते. भिंत गेली.  हातातला फोन टाकून मी दाजींचा उचलला आणि ओरडलोच, ‘दाजी, भिंत बघा, पाणी कुठून जातंय?’

दाजी म्हणाले, ‘भित ठीक हाय.’

‘मग पाणी गेलं कुठं?’

 मी परत परत विचारलं. त्याच तारेवर नवसू ऐकत होता. तो मध्येच म्हणाला, ‘मारुतीभाऊ, त्यास्नी नगा बोलू. पोर गेलीया त्यांची. पंदरा आगस्टाच्या आधीच गेली. तुमाला कळवू नगं म्हनून ताईनंच सांगितलंय.’

बाकीचे फोन वाजत होते. मी एकही उचलला नाही. तुझं बुरशीचं पत्र, पिवळं अंगडं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी तुला ते अंगडं पाठवलं, अक्का. मला कसं कळलं नाही!

मग दाजी बोलायला लागले. सुतकात आसरांच्या पुढ्यातून कसं उतरायचं म्हणून दहा दिवस ते खाली गेलेच नाहीत. रजा मागावी तर ऐन पावसात बदली माणूस मिळणार नाही आणि माझी जामिनकी जाईल. म्हणून नवसू मला आकडा सांगायचा तो ते तारेवर ऐकायचे आणि त्यावरून आपला सांगायचे. दोन्ही तळी वर्षानुवर्षं बरोबरीनं चढतात, काय बिघडणार होतं? आणि सुतक फिटलं तरी पाय उतरेना. ‘मारुतराव, त्या बायांनी माझी पोर नेली. मी बूट घालून जायाचो. आता कोनत्या तोंडानं जाऊ?’

मी म्हणालो, ‘दाजी, आत्ता उतरा. अक्का खाली आहे.’

त्यांनी फोन खाली ठेवला नाही, तसाच सोडला. त्यातून नुसता पाऊस ऐकू येत होता.  मग दाजी धापा टाकत आले आणि म्हणाले, ‘पट्टी दिसत न्हाई. बुडालीया.’

पट्टीचं टोक लाल रेघेच्या वर हातभर आहे. ती बुडाली म्हणजे काय ते मला सांगावं लागत नाही.

साहेबांच्या खोलीपर्यंतच्या वऱ्हांड्यात मी काय काय विचार केला ते तुझ्यापासून लपवणार नाही. माझी पेन्सिल चुकली, ठिपका खाली पडला, असं म्हटलं असतं तर दाजी वाचले असते. मला बोलणी बसली असती, दंड झाला असता, संपलं असतं. पण मग साहेबांनी आधीचे आकडे खरे धरले असते आणि एखादा दरवाजा वीतभर उचलून वाट पाहिली असती. तेवढा वेळ भिंतीजवळ होता की नाही, हे मला माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं. म्हणून मी म्हणालो, ‘साहेब, करंजतळ्याच्या तक्त्यावरचं महिनाभराचं काहीही खरं नाही. पट्टी बुडाली आहे.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता टोपी उचलली. करंजतळ्याचे दरवाजे उघडणारी माणसं जीपमधून गेली. ती पोचेपर्यंत वाडीला सावध करायला चौकीवरचा भोंगा वाजवत राहा, असं मी दाजींना सांगितलं. त्यांनी तो असा वाजवला की फोनमधून माझे कान बधिर झाले. भिंत राहिली. वाडी राहिली. दुसऱ्या दिवशी दाजींना कामावरून काढलं. मला ठेवलं. का ठेवलं ते मला समजत नाही, आणि त्या खोलीत बसताना लाज वाटते.

अक्का, तू मला का नाही सांगितलंस? मी धावत आलो असतो. शिव्या दे, पण लिही.

मारुती


करंजवाडी
२६ सप्टेंबर १९६७

चि. मारुतीस,

लिहायला इतके दिवस लागले, कारण मी तुझ्यावर रागावले होते. अजूनही रागावले आहे. राग जाईपर्यंत थांबले असते तर पत्रच गेलं नसतं, म्हणून तसंच लिहिते.

का नाही सांगितलं? तू धावत आला असतास, म्हणूनच. चार तळ्यांचं पाणी तुझ्या एका नजरेवर, आणि त्यातल्या एका तळ्याखाली आम्ही. पाऊस उतरला की सांगू, असं मी ठरवलं होतं. हे खाली उतरत नाहीत हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी गप्प बसले की सगळे आपापलं काम नीट करतील. माझ्या गप्प बसण्यानंच हे सगळं झालं का, असं मनात येतं. मग म्हणते, नाही, सगळंच माझ्या माथी का?

आता त्या दिवसाचं. वाडीतल्या बायका गौरीसाठी तेरडा आणायला ओढ्यात उतरल्या होत्या. माझा सवा महिना व्हायचा होता, मला गौरीला शिवायचं नव्हतं. मी थोडी वरच्या अंगाला, काठावरच्या जांभळीखाली बसले होते. रोजच बसायचे. भोंगा सुरू झाला तशा बायका तेरड्याच्या जुड्या टाकून वर पळाल्या. ‘मुक्ते, ऊठ गं! पानी सोडत्यात!’ म्हणून ओरडत होत्या. मला ऐकू येत होतं. मी उठले नाही.

सासूबाई परत आल्या. त्यांच्या गुडघ्यांची मी तुला थाप मारली होती, पण त्या दिवशी त्या खरंच धावल्या. हातातली गौर त्यांनी सोडली नव्हती. ‘सवा महिना झाला न्हाई, शिवू नगं म्हनलं व्हतं न्हवं? आता मीच शिवती, चल!’ असं म्हणून एका हातात गौर आणि एका हातात मी, अशी त्यांनी मला टेकाडावर ओढत नेली. तोवर वरच्या वळणावर पाणी दिसलंच. लाल, आणि गवताच्या गंजीएवढं उंच. पूल गेला, खालची भातं गेली. माणूस एकही गेलं नाही. तुझ्या भोंग्यामुळं नाही गेलं, हे मी वाडीत सगळ्यांना सांगितलं आहे. यांचं नाव घेऊन कुणी काही बोललं तर सासूबाई दारात जाऊन त्याला ऐकवतात, तेव्हा त्याची चिंता करू नकोस.

आणि ती जांभूळ गेली. काठाचा तो सगळा तुकडा माझ्या डोळ्यांदेखत सुटला आणि वाहून गेला.

तिला तिथं ठेवली होती, मारुती. मुलगी होती. सकाळी आली आणि दिवस मावळायच्या आत गेली. ओढा भरलेला, तळेगावच्या दवाखान्यापर्यंत न्यायला गाडी मिळेना, सुईणीनं करायचं ते केलं. यांनीच खड्डा केला, खोल केला, वर दगड ठेवले. मी रोज जाऊन त्या दगडांवरचं गवत उपटायचे. तेवढं एक काम मला होतं.

तू दरवाजे उघडायला लावलेस ते बरोबर केलंस. मला कळतं. बाकीच्या बायकांची पोरं घरी परत गेली, तीही मी पाहिली. पण कळतं म्हणून राग जात नाही, त्याला मी काय करू? तुझ्या जागी मी असते तर हेच केलं असतं. आणि तू माझ्या जागी असतास तर तूही असाच राग धरून बसला असतास.

हे घरी आहेत. पहिले दिवस भिंतीकडे तोंड करून होते. परवा मी म्हणाले, ‘तुमच्या बायांनी नेली असती, तर दिवसभर आपल्यापाशी ठेवली नसती. माझ्या मांडीवर जगली ती. उगाच त्यांच्या माथी मारू नका.’ तेव्हा पहिल्यांदा रडले. आता शेजारच्या वाडीत भातकापणीला जायचं म्हणतात. त्यांच्या नोकरीसाठी साहेबाकडे शब्द टाकू नकोस. त्या पायऱ्या त्यांनी परत उतराव्यात असं मला वाटत नाही.

तू मात्र काम सोडू नकोस. लाज वाटते म्हणून सोडलंस तर मला इथं झोप लागणार नाही.

तिचं नाव ठेवायचं राहिलं. सासूबाई म्हणतात, गेलेल्याला नाव ठेवू नये.  तिला आम्ही तिघांनी आणि सुईणीनं पाहिलं, आणखी कुणी नाही. तुला दाखवायला माझ्याकडे काही उरलेलं नाही, ती जागासुद्धा नाही. पण तिचा चेहरा माझ्यापाशी आहे, आणि तो दिवसेंदिवस पुसट होईल याची मला भीती वाटते. तू तिचा मामा. पाऊस उघडला की ये. काही आणू नकोस, नुसता ये आणि माझ्यासमोर बस, म्हणजे ती कशी दिसत होती ते मी तुला सांगते.

मुक्ता